शाळेच्या कुंपणाशी मोह

गडचिरोलीहून धानोऱ्याची एस.टी. धरा आणि खिडकीशी बसा. तीसेक किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव लागते. वाटेत धानाच्या बांध्या आणि धुऱ्यांवर जुने मोह. ते नीट न्याहाळा. सगळे आजोबांच्या वयाचे. खाली नातू दिसतो का?

दिसत नाही, आणि त्याला कारण आपणच. फुले वेचायला सोपे जावे म्हणून आपण झाडाखालचा पालापाचोळा पेटवतो; त्यात वीतभर रोपे होरपळतात. टोळ तेलासाठी घरी जातात. उरलेसुरले गुरे खातात.

शाळांमधून दरवर्षी वृक्षारोपण होते, नाही असे नाही. खड्डे, हार, फोटो. पण पुष्कळ ठिकाणी लागतात गुलमोहर, काशिद नाहीतर सुबाभूळ. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची. सावली पडेल, पण चितळ-अस्वलांना आणि तुमच्या चुलीला मोह जे देतो ते त्यांच्याकडून मिळायचे नाही. चाराच्या झाडाची चारोळी बाजारात काय भावाने जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ऐनावर तर आरमोरीकडे टसरचा कोसा पिकतो.

मग शाळेने हीच झाडे का लावू नयेत? अडचण बियांची आहे. चार आणि टेंभरे पिकतात उन्हाळ्यात, टोळ गळतात जूनच्या सुमारास. आपल्या विदर्भात शाळेचे कुलूप निघते जूनअखेर! मोहाचे बी साठवणीत टिकत नाही, थोड्याच आठवड्यांत उगवण जाते. गुरुजींनी ते आणावे कोठून?

म्हणून हे काम तुमच्या घरचे. तेंदूपत्त्याला जाताना एक झोळी जास्त न्या. चाराचा गर धुऊन बी सावलीत वाळवा. टोळ मिळताच फोडून ताज्या बिया लावा. मोहाचे मूळ सरळ खोल जाते, म्हणून उथळ पिशवी नको. जागेवरच दोन-दोन बिया टोकल्या तर उत्तम. बेहडा मात्र हिवाळ्यात मिळतो, तो पोरांवर सोपवा.

मेंढ्याला २००९ साली वनहक्क कायद्याखाली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या पुष्कळ आधीपासून तिथे मोठी माणसे अभ्यासगटात बसून जंगल आणि कायदा शिकत आली आहेत. माझ्या मते तीही शाळाच, फक्त घंटा नाही. आपल्या शाळेचे रोप मोठे व्हायचे तर मोहाखाली जाळ लावायचा नाही, हे असेच सगळ्यांनी बसून ठरवावे लागेल. एकट्या गुरुजींचे कोण ऐकतो?

आणखी एक. मोह वर्गाच्या भिंतीला लावू नका, लांबच्या कुंपणाशी लावा. फुलावर यायला दहाएक वर्षे लागतील. पण एकदा बहरला की चैत्रातल्या पहाटे अस्वल हजेरी लावणार, आणि ते काही घंटा पाहून येत नाही.