बाबांची पालियो आणि गोंदियाचे लेथवाले

पालियो जीटीएक्स आठवते? १.६ लिटर, १०० बीएचपी आणि जाहिरातीत साक्षात सचिन! बाबांची २००२ ची लाल जीटीएक्स आमच्या गोंदियाच्या घरी अजून आहे. या मे महिन्यात सुट्टीवर गेलो, तर गिअरच पडेनात. लिव्हरखालचा बुश झिजलेला. वीस वर्षांनी झिजायचाच! मॉडेल केव्हाच बंद झालंय, पार्ट मिळणार कुठून? त्यात १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओची तपासणी. नापास झाली की दुरुस्ती करून पुन्हा तपासणी, तरीही नापास तर भंगार. ‘विकून टाक,’ सगळ्यांचं एकच म्हणणं.

पण गोंदिया म्हणजे राइस मिलांचं शहर. ऐन धानाच्या सीझनमध्ये मिल बंद ठेवून कसं चालेल? म्हणून इथले लेथवाले सुटे भाग स्वतःच घडवतात. एका काकांनी बुश मोजला. ‘काई नाई रे बाप्पा, अर्ध्या तासाचं काम हाय!’ नायलॉनच्या दांड्यातून नवा बुश तयार! मी हौसेने बसवलेला गडगडाटी सायलेन्सर मात्र त्यांनी उतरवायला लावला. ‘आरटीओत अडशील. अन् जंगलातून जातेस ना?’

संध्याकाळी नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो. बाजूला बाबा. ‘मग, विकायची?’

मी चौथा गिअर टाकला. खटकन पडला!