बारावीच्या रसायनशास्त्रास अनावृत पत्र

प्रिय रसायनशास्त्रा,

बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षा आणि उसाचा गाळप हंगाम आमच्याकडे एकाच वेळी येतात. बाहेर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि आत प्रयोगशाळेत पोरं पाठ करत असतात : फेलिंगची टेस्ट, विटकरी साका, अल्डिहाइड हजर. मी तुला अनेक वर्षं शिकवलं, म्हणून हे पत्र तुलाच लिहितो.

फेलिंगचा तो निळा द्राव शुद्ध साखरेच्या पाण्यात घालून तापवला, तर निळाच राहतो. सुक्रोजमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा जागी जोडलेले असतात की दोघांचीही क्षपण करणारी टोकं त्या बंधात अडकून पडतात. पण तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडून राहिला, की त्यातलं इन्व्हर्टेज हे विकर तो बंध तोडत जातं. ताज्या रसात जेमतेम दिसणारा साका शिळ्या उसाच्या रसात चांगला जाड बसतो. शेतकरी आणि कारखाना याला एवढंच म्हणतात : उतारा घटला. साखर कारखान्याच्या सभासदाचा मुलगा 'इन्व्हर्जन ऑफ केन शुगर' दोन मार्कांना बिनचूक लिहितो, आणि वजनकाट्यावर खोळंबलेल्या घरच्या उसाचं तेच झालंय हे त्याला कोणी दाखवत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण खरं बोलायचं आहे ते सॉल्ट ॲनालिसिसबद्दल. शून्य गटातल्या अमोनियमपासून सहाव्या गटातल्या मॅग्नेशियमपर्यंत धातूंची रांग मुलांना तोंडपाठ असते. त्या रांगेत सोडियम नाही. त्याचे जवळजवळ सगळे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्याला खाली बसवणारा सोपा अभिकर्मक नाही. ज्योतीतला पिवळा रंग एवढीच त्याची ओळख, म्हणून तू त्याला परीक्षेतून वगळलंस. आणि इंदापूरच्या हजारो शेतकऱ्यांची जमीन बिघडवणारा हाच सोडियम आहे, नेमका याच गुणामुळे!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरच्या धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून बारामती-इंदापूरच्या काळ्या जमिनीत आलं. ऊस आला, बागायत आली, आणि निचरा नसलेल्या सखल रानांत पाण्याची पातळी वर चढली. पाणी वर येतं, उन्हानं उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यातला कॅल्शियम कार्बोनेट होऊन आधी साक्यात जातो, कारण त्याचा विद्राव्यता गुणाकार अगदी लहान. सोडियम मात्र द्रावणात राहतो आणि मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा बळकावतो. मग कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगड होणारी चोपण जमीन तयार होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन, जे मुळात रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींवर १९१० साली पुस्तिका प्रसिद्ध केली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या कामाचा एक धडाही आमच्या मुलांपर्यंत पोचलेला नाही.

उपायही तुझ्याच पुस्तकातला आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम मातीवरच्या सोडियमला हुसकावतो, आणि तयार झालेलं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर वाहून जातं. अट एकच : चर काढून त्याला वाट करून द्यायला हवी. चर न काढता जिप्समची पोती रिकामी करणं म्हणजे पैसा मातीत घालणं, हे मी शेतकऱ्यांना तोंडावर सांगतो. किती जिप्सम लागेल हे मातीच्या प्रयोगशाळेत ठरतं ते टायट्रेशननं, आणि त्या ब्युरेटमध्ये असतं ईडीटीए. कोऑर्डिनेशन कंपाउंड्सच्या धड्यात 'हेक्साडेंटेट लिगंड' म्हणून मुलं ज्याचं फक्त नाव लिहितात, तेच.

नीट आणि सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत परीक्षानळी हातात धरावी लागत नाही, म्हणून प्रॅक्टिकलचे तास क्लासकडे गेले आणि जर्नलं मागच्या वर्षीच्या जर्नलांवरून भरली जाऊ लागली. यात तुझा दोष नाही. तुला शिकवणाऱ्या आम्हा लोकांचा आणि आम्हाला फक्त पर्सेंटाइल विचारणाऱ्या पालकांचा आहे. साका पांढरा येतो हे वाचलेल्या मुलीला तो नळीत ढगासारखा उतरताना बघायला मिळत नसेल, तर ती जे शिकते त्याला रसायनशास्त्र म्हणता येणार नाही.

म्हणून हे पत्र उघडं ठेवतो, म्हणजे तुझे शिक्षकही वाचतील. शिक्षकांनो, बोर्डाचं सॉल्ट देण्याआधी एकदा मुलांना घरच्या रानातली मूठभर माती आणायला सांगा. ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, गाळा. नायट्रिक आम्ल टाकून सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका आला तर क्लोराइड. दुसऱ्या नळीत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बेरियम क्लोराइड घालूनही पांढरा साका आला तर सल्फेट. तिसऱ्या नळीत फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाका. गुलाबी झालं तर रान चोपण होऊ लागलंय, त्याच दिवशी वडिलांना सांगायला लावा. यासाठी लागणारी प्रत्येक बाटली तुमच्या कॉलेजच्या कपाटात आजही आहे.