एकच दिवस, दोन महिने

आमच्या तुकोगंजात गोकुळाष्टमी एकच, पण ती दोन महिन्यांत येते! आमच्या घरी ती श्रावण वद्य अष्टमी आणि शेजारच्या भाभींकडे भादों कृष्ण अष्टमी. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र त्यांचा एक महिना पुढे. इंदूरच्या मराठी घरांना हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणी वाद घालत नाही. "आपल्याकडचा श्रावण" एवढं म्हटलं की काम भागतं.

हे "आपल्याकडचा" माणसं न विसरता सांगतात. कॉम्प्युटर सांगत नाही.

गेल्या वर्षी आजीचे शुगरचे रिपोर्ट एका लॅबकडून डॉक्टरांच्या सिस्टिममध्ये गेले. लॅबने ०७/०३ पाठवलं, म्हणजे ७ मार्च. तिकडचं सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीने आधी महिना वाचणारं. त्याने ३ जुलै केलं. दुसरा रिपोर्ट १८/०६ चा. अठरावा महिना नसतोच, म्हणून तो बरोबर १८ जून वाचला गेला. झालं! मार्चमधली वाढलेली साखर सगळ्यांत ताजी ठरली आणि जूनमधली आटोक्यात आलेली मागे पडली. गोळी वाढवायची वेळ आली होती. आईजवळ कागदांची फाईल होती म्हणून निभावलं.

मी मग हिशोब मांडला. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या १२ तारखा उलट वाचता येतात, म्हणजे वर्षात १४४. त्यातल्या १/१, २/२ अशा १२ उलटल्या तरी त्याच राहतात. उरले १३२ दिवस! या दिवसांत चूक झाली तर सॉफ्टवेअर ब्रही काढत नाही, कारण चुकलेली तारीखसुद्धा खरीच तारीख असते.

यावर उपाय जुनाच आहे. १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. भारतीय मानक ब्युरोनेही आयएस ७९०० म्हणून ते घेतलं. आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४-०३-०७. वेळ सांगताना आपण तास, मिनिट, सेकंद असं मोठ्याकडून लहानाकडे जातोच, तसंच हे. शिवाय अशा तारखा साध्या अक्षरांसारख्या क्रमाने लावल्या तरी आपोआप कालक्रमाने बसतात.

कोणी म्हणेल, एवढ्यासाठी आपली पद्धत सोडायची? मुळीच नाही. आजीचा वाढदिवस आम्ही तिथीनेच करतो आणि करत राहू. प्रश्न फक्त हद्द ओलांडण्याचा आहे. तारीख एका यंत्रातून दुसऱ्यात जाते, तेव्हा पलीकडे आपली भाभी नसते, "कुणाकडचा श्रावण?" असं विचारायला.

आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी आता ऑनलाइन होतेय. तिच्यात तारखा वर्षापासूनच लिहूया. निमंत्रणपत्रिकेवर मात्र तिथी खुशाल राहू द्या!