अठ्ठावीस आणि बत्तीस

जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षनिर्यातीचा हंगाम. नाशिक भागातल्या आमच्यासारख्या रेसिड्यू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत या काळात मशीन थांबलं की बागेतली काढणीच थांबते. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि अनेक बागायतदारांचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून रिपोर्ट या शब्दाचं वजन इथे सगळ्यांना ठाऊक आहे. युरोपात मान्यता नसलेल्या बहुतेक औषधांची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅम असते. एवढं कमी मोजणारं यंत्र जरासं जरी मंदावलं तरी असलेला अंश दिसेनासा होतो आणि रिपोर्ट ‘स्वच्छ’ येतो. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

अशाच एका हंगामात, भर गर्दीत, आमचं हे यंत्र, जीसी-एमएस, मंदावू लागलं. बॅचच्या शेवटी घातलेलं स्टँडर्ड, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण, सुरुवातीच्या स्टँडर्डपेक्षा कमी येत होतं. कॉलममधून उशिरा बाहेर पडणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही कीटकनाशकं आधी खचली. तापमान चढलं की तळरेषा वर सरकायची, आणि त्या चढात 207 आणि 281 हे आयन ठळक दिसायचे. कॉलमच्या आतला सिलिकॉनचा थर झिजू लागला की हेच आयन दिसतात, आणि गरम कॉलममध्ये ऑक्सिजन शिरला की तो फार लवकर झिजतो.

स्क्रीनवर मात्र नमुना कॉलममधून वाहून नेणाऱ्या हेलियमचा प्रवाह मिनिटाला 1 मिलिलिटर, अगदी ठरवल्याप्रमाणे. नवीन मुलांना मी नेहमी सांगते, हा आकडा प्रवाह मोजून आलेला नसतो. यंत्र दाब मोजतं आणि कॉलमची लांबी, व्यास, तापमान यांवरून प्रवाहाचा हिशेब मांडतं. सेप्टममधून थोडा हेलियम निसटला तर यंत्र आणखी हेलियम सोडून दाब राखतं, आणि स्क्रीनवर सारं आलबेल दिसतं.

म्हणून मी कुठलाही नट न पिळता आधी नुसत्या पार्श्वभूमीचा स्कॅन घेतला. नमुना नाही, फक्त यंत्राच्या आत काय आहे ते. 18 म्हणजे पाणी, 28 नायट्रोजन, 32 ऑक्सिजन, 40 आर्गॉन, 44 कार्बन डायऑक्साइड. 28 चं शिखर 32 च्या साधारण चौपट होतं, म्हणजे हवेतलंच प्रमाण. नुसतं 18 मोठं असतं तर ओलावा म्हणून सोडून दिलं असतं. इथे बाहेरची हवा आत येत होती.

कुठून, हे शोधताना यंत्राचे दोन भाग मनात वेगळे ठेवावे लागतात. इंजेक्टरच्या बाजूला दाब जास्त, तिथे फट पडली तर मुख्यतः हेलियम बाहेर जातो. डिटेक्टरच्या बाजूला निर्वात, तिथे हवा आत ओढली जाते. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात तशी साबणाच्या पाण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण यंत्र ते पाणीच आत ओढून घेईल. इंजेक्टरकडे मी हातातला हेलियम डिटेक्टर फिरवला: सेप्टम, लायनरची ओ-रिंग, कॉलमचा नट. काहीच नाही. स्प्लिट व्हेंटला फ्लोमीटर लावून मोजलं, तेही जुळलं. सिलिंडर अलीकडे बदललेला नव्हता, आणि हेलियमच्या वाटेतल्या गाळणीचा रंगही शाबूत होता.

मग कीबोर्ड साफ करायचा टेट्राफ्लुओरोइथेनचा डबा घेतला आणि स्क्रीनवर त्या वायूच्या आयनाचं 83 हे वस्तुमान लावून ठेवलं. सहकारी स्क्रीनसमोर, मी यंत्रापाशी. डिटेक्टरच्या दाराच्या गॅस्केटवर छोटा फवारा मारला, रेषा सपाट. व्हेंट वाल्व्हवर, सपाट. ओव्हनच्या आत, कॉलम जिथून डिटेक्टरमध्ये शिरतो त्या नटावर मारला, आणि त्याच क्षणी, “मॅडम, चढलं!”

त्या नटात ग्राफाइट-व्हेस्पेलचं फेरूल, म्हणजे फट बंद करणारं कडं, होतं, नव्या कॉलमबरोबर बसवलेलं. ओव्हन तापतं, निवतं, पुन्हा तापतं. या फेऱ्यांत व्हेस्पेल आकसतं. ते त्याचा स्वभावच आहे, म्हणून पहिल्या काही रननंतर असा नट पुन्हा हलकासा आवळायचा असतो. ओव्हन निवल्यावर मी तो किंचित फिरवला तसं 28 समोरच खाली आलं, पण पूर्ण नाही. आणखी पिळून बघायचा मोह अशा वेळी सगळ्यांनाच होतो. पण चिरडलेलं फेरूल पुढच्या आठवड्यात पुन्हा गळतं, आणि हेलियम तर जवळजवळ सगळाच परदेशातून येतो, तो वाया घालवणं मनाला लागतं.

आयन सोर्स थंड होऊ दिला, मग व्हेंट केलं, कॉलमचं टोक सरळ कापलं, नवं फेरूल बसवलं. पंप सुरू केल्यावर 18 उंचच होतं. दार उघडलं की ते येणारच. रात्रभर सोर्स तापत ठेवला. सकाळी 18 खाली आलं होतं, आणि 28 व 32 त्याहूनही कितीतरी लहान. ट्यून नीट झाली, डेल्टामेथ्रिनचं शिखर परत आलं.

काम मात्र तिथे संपलं नव्हतं. स्टँडर्ड खचू लागल्यापासूनच्या बॅच मी रोखून धरल्या होत्या. फ्रीजमधले त्यांचे अर्क काढून सगळे पुन्हा चालवले. ते रिपोर्ट उशिरा गेले, आणि माल तोडायला मजूर सांगून ठेवलेल्या बागायतदारांना कारण मी स्वतः फोन करून सांगितलं.