मॅनला विचारा

चाळिशी उलटली, की माणसाला सर्वांत जड जाते ते कुणाला काही विचारणे. लहानपणी आपण दिवसाला शंभर प्रश्न विचारतो आणि त्याचे कौतुक होते. पुढे मास्तर झाल्यावर तर प्रश्न विचारणे हा पोटाचा उद्योगच होतो. पण ते सगळे प्रश्न उत्तर आधी खिशात ठेवून विचारलेले. खरा प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक नाही आणि समोरच्या पोरसवदा माणसाला ठाऊक आहे असा प्रश्न, ओठापर्यंत येतो आणि परत घशात उतरतो. त्यातून तो संगणकाबद्दलचा असेल, तर बोलायलाच नको. समोरचा मुलगा उत्तर देतच नाही. तो आपल्या हातातला माऊस काढून घेतो, पाच-सात ठिकाणी टिचक्या मारतो आणि म्हणतो, "झालं, काका." काय झाले, ते त्याचे त्यालाच ठाऊक!

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची देखभाल थांबली, आणि माझ्या दोन कादंबऱ्यांचे खर्डे पोटात घेऊन बसलेला संगणक एकाएकी म्हातारा ठरला. नवे विंडोज त्याला पेलणारे नव्हते. त्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या पुतण्याने फराळाच्या ताटावरून उठून त्यावर लिनक्स बसवले. निघताना मुद्दाम वऱ्हाडी सूर लावून म्हणाला, "काका, अडलं-नडलं तर मॅनले विचारजा. मले फोन नोका करू बाप्पा!"

हा मॅन म्हणजे कुणी माणूस नव्हे. मॅन्युअल या शब्दाचे ते लाडके संक्षिप्त रूप. काळ्या पडद्यावर 'मॅन' असे टंकायचे, पुढे ज्या आज्ञेविषयी विचारायचे तिचे नाव घालायचे, की त्या आज्ञेची साद्यंत हकिगत समोर उभी राहते. नाव काय, ती कशी लिहायची, तिची कामे कोणती, तिचे सोयरेधायरे कोण. खुद्द 'मॅन'विषयी विचारायचे असेल तर 'मॅन मॅन' असे लिहावे. तो स्वतःचीही माहिती तितक्याच अलिप्तपणे सांगतो. इंटरनेट बंद असले तरी त्याचे अडत नाही, कारण पाने यंत्रातच असतात. आणि तोच प्रश्न सतराव्यांदा विचारला तरी त्याच्या कपाळावर आठी पडत नाही. हे मला फार मोलाचे वाटते.

माऊसला इथे काही कामच नाही. स्पेसची पट्टी दाबली की एक पडदा पुढे, 'बी' दाबले की मागे. तिरपी रेघ देऊन शब्द लिहिला की तो शोधून मिळतो, 'एन' दाबले की तोच शब्द पुढे कुठे आहे ते कळते, आणि 'क्यू' दाबले की निरोप. मॅट्रिक झाल्यावर सीताबर्डीवर टायपिंग शिकताना बोटांना जे वळण लागले होते, ते इतक्या वर्षांनी असे उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. नजर ओळीवर राहते आणि बोटे आपले काम करतात. माऊसने वाचताना मला नेहमी असे वाटते, की जेवताना प्रत्येक घासाला कुणी पाट सरकवतो आहे.

या पाने उलटणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव 'लेस', म्हणजे 'कमी'. त्याच्या आधी 'मोअर' नावाचा एक प्रोग्रॅम होता. तो मुख्यतः पुढेच जाणारा. मागचे पान पुन्हा पाहता यावे म्हणून मार्क नुडेलमन या गृहस्थाने १९८३ ते १९८५ या काळात 'लेस' लिहिला आणि थोडक्यातच अधिक असते असा विनोद नावातच करून ठेवला. यात ओळीने खाली जायला 'जे' आणि वर जायला 'के'. हीच अक्षरे का? १९७६च्या सुमारास बिल जॉय याने 'व्हीआय' हा लेखनाचा प्रोग्रॅम ज्या यंत्रावर रचला, त्यावर बाणांची चित्रे एच, जे, के, एल याच कळांवर काढलेली होती. ते यंत्र केव्हाच भंगारात गेले, पण त्याची सवय राहिली. आपल्याकडे सोळा आणे १९५७ साली व्यवहारातून गेले, बोलण्यातून कुठे गेले?

पण मला खरा लळा लागला तो या पानांच्या स्वभावाचा. युनिक्सच्या या माहितीपुस्तकाची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांची. तीत प्रत्येक आज्ञेखाली तिच्या मालकाचे नाव असे, आणि 'बग्ज' म्हणून एक कलम असे. बग्ज म्हणजे दोष. करणाऱ्यानेच आपल्या वस्तूचे दोष तिच्या पानावर लिहून ठेवायचे! ही रीत आजही चालू आहे. 'बॅश' नावाचा एक मोठा आणि अत्यंत उपयोगी प्रोग्रॅम आहे. त्याच्या पानावर दोषांच्या कलमात प्रारंभीच कबुली आहे, की हा फार मोठा आहे आणि फार मंद आहे. मी आजवर मिक्सरपासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत कितीतरी माहितीपत्रके वाचली. असे वाक्य कुठे आढळले नाही. आम्हा लेखकांच्या प्रस्तावनांतही नाही.

एक गोष्ट मात्र सलते. ही सारी पाने इंग्रजीत. जर्मन, फ्रेंच, पोलिश, जपानी वाचकांना यांतली बरीचशी आपापल्या भाषेत मिळतात. माझ्या यंत्रावर मराठी पान एकही निघाले नाही. आमच्या पिढीने इंग्रजीची अक्षरे पाचवीत गिरवली, तरी कोश उशाशी घेऊन माझे निभावते. पण शाळेतल्या जुन्या संगणकावर मी मुलांना 'मॅन' दाखवला, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावायचा प्रयत्न केला आणि विचारले, "सर, हे मराठीत कायले नाही?" ज्या नागपुरात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ साली ज्ञानकोशाची मंडळी जमवायला सुरुवात केली आणि पुढे पुण्यात तेवीस खंड पुरे केले, त्या नागपुरातल्या मास्तराला हा प्रश्न टाळता येईना.

सोय तशी आहे. 'एमआर' नावाच्या कप्प्यात मराठी पान ठेवले आणि यंत्राची भाषा मराठी केली, की मॅन आधी ते पान शोधतो. नसेल तर इंग्रजी दाखवतो. आम्ही सर्वांत लहान आज्ञा निवडली: 'कॅल', म्हणजे दिनदर्शिका. दुपारच्या सुट्टीत चार मुले आणि मी, असे आठ दिवस बसलो. पान तयार झाले, पडद्यावर आले, आणि मात्रा ओळीवरून घसरल्या! कारण साधे आहे. या काळ्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचा खण असतो. इंग्रजी अक्षरे त्यांत शाळेच्या रांगेसारखी उभी राहतात. आपली जोडाक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसणारी, वेलांटी मागे वळणारी. त्यांना खण पुरत नाही. मराठी टाइपरायटरवर अर्ध्या अक्षराला काना जोडून आम्ही ही अडचण कशीबशी पार करत असू. इथे एक पडदा टाकून दुसरा, दुसरा टाकून तिसरा, असे शोधता शोधता एकावर अक्षरे बरी दिसू लागली. 'र्क' अजूनही रुसलेलाच आहे.

मुलांना सर्वांत आवडला तो १७५२चा सप्टेंबर. तो महिना मागितला की २ तारखेनंतर एकदम १४ येते, कारण त्या वर्षी इंग्लंडने जुनी कालगणना सोडून नवी घेतली आणि मधले अकरा दिवस गाळले. "म्हणजे तेवढे दिवस शाळाच नाही!" मागच्या बाकावरून शेरा आला.

राहता राहिले 'बग्ज'चे कलम. 'दोष' हा शब्द मुलांना पत्रिकेतल्यासारखा वाटला, 'उणिवा' प्रगतिपुस्तकातल्यासारखा. 'किडे' म्हटल्यावर पाच मिनिटे हसण्यातच गेली. शेवटी त्या सातवीतल्या मुलीनेच 'खोडी' सुचवला आणि तो सर्वांना पटला. आता कॅलची खोडी कोणती लिहायची? यंत्रावर नोव्हेंबर महिना उघडून ती तो बराच वेळ न्याहाळत होती. मग तिने सांगितले आणि मी टंकले: यात तिथी नाही, अमावास्या कधी, दिवाळी कधी, ते यावरून कळत नाही, त्यासाठी घरी विचारावे.