सहावा बोअर

२०१२ साली आमच्या जालना जिल्ह्यात मृगही कोरडा गेला आणि हस्तही. माझी तेव्हा चारशे झाडं मोसंबी होती. तीन एकरांत, अठरा बाय अठरावर लावलेली न्यूसेलर. २००३ साली रोपं आणली तेव्हा पोरगा तिसरीत होता. नऊ वर्षं मी पोरापेक्षा त्या झाडांनाच जास्त हात लावला असंल. आंबे बहाराला डिसेंबरात पाणी तोडायचं, झाड ताणावर टाकायचं. पानं पिवळी पडून गळायला लागली की जानेवारीत पाणी सोडायचं. मग पांढरी फुलं अशी लागतात की वास पार सडकेपर्यंत येतो. त्या वर्षी ताण द्यायची गरजच पडली नाही. विहिरीनं दिवाळीतच तळ दाखवला.

मी हार मानणारा माणूस नव्हतो. घरच्या गरिबीनं दहावीनंतर शाळा सुटली, पण जे केलं ते स्वतःच्या हिमतीवर, असा माझा ताठा. पहिला बोअर घेतला एकशे ऐंशी फूट. भुकटी निघाली. दुसरा दोनशे चाळीस, तिसरा तीनशे. रात्रभर गाडी घरघर करायची आन् आम्ही बाजंवर बसून तोंडाकडं बघायचो, की भुकटीचा चिखल कधी होतो. चौथ्याच्या वेळी मी पाणाड्या बोलावला. त्यानं तळहातावर नारळ धरून शेतात चार फेऱ्या मारल्या, आणि एका जागी नारळ उभा राहिला. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याशेजारी बेथेल वसवलं, त्या काळात आमच्या पणजोबानं बाप्तिस्मा घेतलेला. त्याचा पणतू नारळामागं हिंडत होता. पाळकसाहेबांना कळलं, पण ते बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. नारळाच्या जागी साडेतीनशे फुटांवर काळा पाषाण लागला. पाचवा चारशे फूट. त्यात ओल लागली, पण ती चिमणीलाही पुरली नसती. मधल्या काळात टँकर विकत घेत होतो, तो खर्च निराळाच.

प्रार्थना चालू होती बरं का. नित्यनेमानं, सकाळ-संध्याकाळ. एके दिवशी मंडळी म्हणाली, "अहो, तुम्ही प्रार्थना करता का देवाला काम सांगता? सालगड्याला सांगावं तसं. आज इथं पाणी लाव, उद्या ब्यांकेच्या साहेबाला गप कर." मला राग आला. जेवलो नाही त्या रात्री. पण बोलणं डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं. माझा सगळा विश्वास म्हणजे माझ्याच बेतावर देवाची सही मागणं होतं.

सहावा बोअर ठरवला फेब्रुवारीत. एजंट म्हणाला पाचशे फूट जाऊ, पाणी लागणारच. पैसे नव्हते. मंडळीनं कपाटातून पाटल्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. काही बोलली नाही. तिच्या आईच्या पाटल्या होत्या त्या.

त्या रात्री झोप लागली नाही. तशी महिनाभर लागतच नव्हती. उठून बागेत गेलो. पानं गोळा झालेली, चांदण्यात झाडं म्हाताऱ्या माणसासारखी दिसत होती. विहिरीच्या काठावर बसलो. काय विचार येत होते ते लिहीत नाही. त्या वर्षी आमच्या भागात अशा बातम्या कुणाच्या ना कुणाच्या घरून येत होत्या, एवढं सांगितलं की पुरं.

सवयीनं प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो आणि देवाच्या इच्छेचं वाक्य आलं तिथं अडकलो. लहानपणापासून हजारदा म्हटलेलं वाक्य, तोंडातून निघंना. कारण ते म्हटलं तर बाग जाऊ शकत होती. मग गेथशेमानेची बाग आठवली. प्रभूनंही आधी मागितलंच होतं की हे टळू दे. मागण्यात चूक नव्हती. पण तो मागून मोकळा झाला आणि पुढचं बापावर सोडलं. मी मागण्यापाशीच मूठ आवळून बसलो होतो. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी मोठ्यानं म्हणालो, "बाग तुझी. कर्ज माझं, ते मी फेडीन. पण बाग तुझी, ठेव नाहीतर ने." आणि रडलो. बापाच्या मौतीला रडलो नव्हतो तेवढा रडलो.

उजेड दिसला नाही, आवाज आला नाही. कुत्रं येऊन पायाशी बसलं. घरी आलो आणि आडवा झालो. जाग आली ती म्हशीच्या हंबरण्यानं. सात वाजले होते, धार राहिली होती. मंडळी म्हणाली, "उठवलं नाही मुद्दाम."

एजंटाला फोन करून गाडी येऊ देऊ नको म्हटलं. त्यानं दोन शिव्या हासडल्या. पाटल्या कपाटात गेल्या. टँकरही बंद केले. गावात बोलबाला झाला की बुवा हरला. बोलणाऱ्याचं काय चुकलं? बाहेरून तसंच दिसणार.

मे महिन्यात बाग तोडली. कुऱ्हाड मीच चालवली, गडी लावला नाही. सरपण म्हणून लाकूड गेलं, एका झाडाचे किती आले ते सांगायची लाज वाटते. पाऊस आला २०१३ च्या जूनमध्ये, चांगला आला, झाडं गेल्यावर. उपासनेत साक्षी ऐकतो मी, की प्रार्थना केली आणि बोअरला तीन इंच पाणी लागलं. लागलं असंल, मला त्यांचा हेवा नाही. माझ्या साक्षीत पाणी नाही. माझ्या साक्षीत झोप आहे, बस.

पंडिता रमाबाईंनी लिहून ठेवलंय, की १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला खरा, पण आपण धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना पुढं काही वर्षांनी कळलं. एवढी शास्त्र पढलेली बाई. तिथं माझ्यासारख्या दहावीवाल्याला पंचावन्नाव्या वर्षी कळलं तर उशीर झाला असं मी म्हणत नाही.

कर्ज फेडायला सहा वर्षं लागली. एक एकर विकावं लागलं. त्या सहा वर्षांत देवाला सोपवलेलं किती वेळा परत मागून घेतलं, त्याचा हिशेब नाही. ब्यांकेची नोटीस आली की रात्री पुन्हा आकडे मांडत बसायचो. मग मंडळी दिवा मालवायची आणि म्हणायची, "द्या आता त्याच्याकडं." पुन्हा द्यायचो. असं वाटायचं की एकदा दिलं म्हणजे झालं, पण तसं नसतं. रोजच द्यावं लागतं, धार काढल्यासारखं.

मोरीजवळची दोन झाडं वाचली, भांड्यांच्या पाण्यावर. त्यांची पहिली फळं दरसाल मंदिरात नेतो. आता पोरगा म्हणतोय, आबा, उरलेल्या दोन एकरांत पुन्हा मोसंबी लावू, त्यासाठी एक बोअर घेऊ. मी नाही म्हटलं नाही. त्याचं वय आहे, त्यानं कष्ट करावेत. काल दोघं मिळून जागा बघून आलो. पाणाड्याला बोलवायचं नाही, एवढी अट मात्र घातली. चुलीपाशी बसलेली मंडळी ते ऐकून किती तरी वेळ हसत होती.