परसदाराची किल्ली

जुन्या घरांना पुढचं दार असायचं आणि परसदार असायचं. पुढच्या दाराला रांगोळी, तोरण, पाहुण्यांच्या चपला. परसदाराकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण पुढच्या दाराची कडी आतून अडकली की सगळं घर परसदाराकडे धावतं, आणि तेव्हाच कळतं की तिथे गेली चार वर्षं सरपण रचून ठेवलंय.

व्हर्च्युअल मशीनचा कन्सोल म्हणजे हे परसदार. रोजचं येणं-जाणं एसएसएचमधून. त्यासाठी आतलं नेटवर्क उठलेलं हवं, एसएसएचची सेवा चालू हवी, फायरवॉल राजी हवी. कन्सोलला यातलं काहीच लागत नाही. मशीनच्या आत काय चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही, कारण तो बाहेरून, होस्टच्या बाजूने, त्या खोट्या मशीनच्या खोट्या स्क्रीनला आणि खोट्या कीबोर्डला जोडलेला असतो. म्हणून तर तो शेवटचा उपाय. पण मंडळी, शेवटच्या उपायालासुद्धा स्वतःच्या अटी असतात, आणि त्या नेमक्या शनिवारी सकाळी कळतात!

तर झालं असं. माझा एक मित्र कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं सॉफ्टवेअर बघतो. संस्थेच्या ऑफिसात एक छोटा सर्व्हर, त्यावर केव्हीएम, आणि त्यात एका व्हर्च्युअल मशीनवर सगळा हिशोब. शुक्रवारी रात्री वीज गेली, यूपीएसने मान टाकली, वीज आल्यावर सर्व्हर उठला. पण हिशोबाचं मशीन काही उठेना. एसएसएच नाही, पिंगसुद्धा नाही. दिवाळी आठवड्यावर आलेली आणि सोमवारी सभासदांच्या फरक बिलाची यादी बँकेत जायची होती. त्या गावात दिवाळीचा किराणा, पोरांचे कपडे, सगळं या फरकाच्या भरवशावर उधारीत आणलेलं असतं.

मित्राने मला फोनवर घेतलं आणि संस्थेच्या सचिवांनाही घेतलं. सचिव म्हणाले, "साहेब, सोमवारी पैसं जमा झालं न्हाईत तर लोकं तुमच्याकडं पुण्याला येणार न्हाईत, माझ्याच दारात येणार." मुद्दा बिनतोड होता.

पहिली पायरी, ब्राउझरमधला कन्सोल. पॅनेल उघडलं, मशीनवर टिचकी मारली, काळी चौकट आणि गोल गोल फिरणारं चक्र. मित्र म्हणाला, "मशीनच मेलंय रे." मी म्हटलं, थांब. पॅनेलच्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली होती. पान उघडताना ब्राउझर कुरकुर करतो, आपण 'चालेल' म्हणतो आणि पान उघडतं. पण कन्सोलचं चित्र या पॅनेलमध्ये वेगळ्या पोर्टवरून वेबसॉकेटने येत होतं. तिथे ब्राउझर आपल्याला विचारतही नाही, गुपचूप नकार देऊन मोकळा होतो. म्हणजे फिरणारं चक्र मशीनबद्दल काहीच सांगत नव्हतं. ते फक्त ब्राउझर आणि पॅनेलमधलं भांडण होतं.

मग ब्राउझर बाजूला ठेवला आणि थेट होस्टवर एसएसएच केलं. लिबव्हर्टला विचारलं, मशीन चालू आहे का? चालू आहे. व्हीएनसी कुठे आहे? १२७.०.०.१ वर, डिस्प्ले १. इथे थोडं थांबून सांगतो, कारण पुष्कळ जण याच ठिकाणी डोकं आपटतात. व्हीएनसी जन्मलं केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत. त्याचा पोर्ट ५९०० अधिक डिस्प्लेचा आकडा, म्हणजे आपला ५९०१. लिबव्हर्ट तो मुद्दाम फक्त होस्टच्या स्वतःच्या पत्त्यावर उघडतो, बाहेरून कोणाला दिसत नाही, आणि ते बरोबरच आहे. जुन्या व्हीएनसीचा पासवर्ड पहिल्या आठ अक्षरांपुरताच मोजला जातो. असा दरवाजा चव्हाट्यावर उघडा ठेवू नये. 'कनेक्शन नाकारलं' असं दिसलं की काही लोक व्हीएनसीला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लावतात आणि फायरवॉलमध्ये भोक पाडतात. तसं करू नका. एसएसएचचा बोगदा काढा. आपल्या लॅपटॉपचा ५९०१ होस्टच्या आतल्या ५९०१ ला जोडला की झालं.

बोगदा काढला, व्हीएनसी जोडलं गेलं, आणि समोर काय? काळी स्क्रीन. पूर्ण काळी. कळा दाबल्या तरी ढिम्म.

"परत रीस्टार्ट मारू का?" मित्राने विचारलं. हा मोह मोठा वाईट. आत डेटाबेस कुठल्या अवस्थेत आहे ते माहीत नसताना प्लग ओढायचा नाही. आधी होस्टवरून नाडी बघितली. मशीनचा सीपीयू जवळजवळ शांत, डिस्कवर हालचाल नाही. अडकून गरगरणारं मशीन सीपीयू खातं. हे शांत होतं, म्हणजे कोणाची तरी वाट बघत बसलं होतं. पण कोणाची, आणि ते बोलतंय कुठे?

लिनक्सचा कर्नल सुरू होताना त्याला सांगता येतं की तुझं बोलणं कुठे पाठव. स्क्रीनवर, की सिरियल पोर्टवर. सर्व्हरच्या बऱ्याच तयार इमेजमध्ये सिरियल पोर्ट लिहिलेला असतो, आणि फक्त तोच लिहिला असेल तर स्क्रीन काळीच राहणार. मशीन ओरडत असतं, पण आपण भलत्याच खिडकीशी कान लावून बसलेलो असतो. म्हणून व्हर्शचा कन्सोल उघडला, म्हणजे तीच सिरियल लाइन. तिथेही रिकामं! इथे घाबरायचं नाही, एकदा एंटर दाबायचं. कारण जे बोलायचं ते मशीन आपण यायच्या आधीच बोलून बसलेलं असतं. एंटर दाबलं आणि ओळ आली: देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या.

आता चित्र स्पष्ट झालं. मशीन आणीबाणीच्या मोडमध्ये थांबलं होतं. त्या मोडमध्ये नेटवर्क उठत नाही, म्हणून पिंगही नव्हता. पासवर्ड मात्र मित्राकडे नव्हता. आधीच्या देखभालवाल्यांनी तो संस्थेला लिहून दिला होता म्हणे.

"हाय की," सचिव म्हणाले. "तिजोरीत पाकीट हाय. लाखेचं सील मारलेलं. फोडू का?"

खरं सांगायचं तर पासवर्डवाचूनही मी आत शिरू शकलो असतो. ज्याच्या हातात कन्सोल आहे तो बूटलोडरमध्ये एक ओळ बदलून थेट रूट होऊ शकतो, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर. ती नव्हतीच. पण मशीन त्यांचं, हिशोब त्यांचा आणि तिजोरीची किल्लीही त्यांच्या कमरेला. मी म्हटलं, "सचिव साहेब, फोडा. पण तारीख-वेळ लिहून सही करा."

पाकीट फुटलं. एकेक अक्षर वाचणं सुरू झालं. सिरियल कन्सोलवर पासवर्ड टाइप करताना ताराही दिसत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे श्वास रोखलेले.

"मग वाटोळं."
"शून्य की ओ?"
"पोटात रेघ हाय त्याच्या."
"मग शून्य."

आत गेलो. लॉगमध्ये सरळ लिहिलेलं होतं. बॅकअपसाठी जोडलेली दुसरी डिस्क कोणीतरी काही महिन्यांपूर्वी काढून नेली होती, पण एफस्टॅबमध्ये तिची ओळ तशीच. चालू मशीनला त्याचा पत्ता नव्हता. वीज जाऊन पहिल्यांदा बूट झालं तेव्हा सिस्टमडीने दीड मिनिट त्या डिस्कची वाट पाहिली आणि मग हात वर केले. ती ओळ कॉमेंट केली, रीबूट केलं, आणि थोड्या वेळाने सचिवांच्या संगणकावर यादी उघडली. कंट्रोल आणि चौकटी कंस दाबून मी सिरियलमधून बाहेर पडलो. ही कळही लक्षात ठेवा, नाहीतर आत अडकून बसाल!

हा प्रकार गावातल्या एका संस्थेपुरताच नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद होतं. त्यांच्याच निवेदनाप्रमाणे नेहमीचा रस्ता तर गेलाच होता, पण वेगळं ठेवलेलं आणीबाणीचं नेटवर्कही चाललं नाही, आणि शेवटी माणसं डेटा सेंटरवर पाठवावी लागली. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्सचं नेटवर्क कोसळलं, तेव्हा दुरुस्तीसाठीचं नेटवर्क त्याच कोसळलेल्या नेटवर्कवर अवलंबून होतं. परसदार पुढच्याच ओट्यावर उघडत असेल तर त्याला परसदार म्हणायचं कशाला?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चार कामं केली. सर्टिफिकेट नवं केलं. कर्नलला स्क्रीन आणि सिरियल दोन्हीकडे बोलायला सांगितलं. पुन्हा डिस्क जोडलीच तर तिच्या ओळीत 'नोफेल' लिहायचं, म्हणजे ती नसली तरी मशीन उठेल, हे मित्राला बजावलं. आणि पासवर्ड फोनवर बोलला गेला होता, म्हणून तो बदलून नवं पाकीट करायला लावलं. सचिवांनी त्यावर पुन्हा लाख लावली. सोमवारी यादी वेळेवर बँकेत गेली.

आपण शहरातली मंडळी पासवर्ड मॅनेजर, व्हॉल्ट वगैरे वापरतो, आणि वापरावेतच. पण त्या शनिवारी सगळ्या साखळीतली एकच कडी पहिल्या फटक्यात चालली, ती म्हणजे तिजोरीतलं ते पाकीट. कारण ते जपायची जबाबदारी एका माणसाची होती आणि ती त्याला ठाऊक होती.

असो. आज चहा झाला की एक काम करा. तुमच्या एखाद्या मशीनचा कन्सोल उघडून बघा. काही बिघडलेलं नसताना. लॉगिनची ओळ दिसली तर उत्तम. काळं दिसलं तर अजूनच उत्तम, हातात अख्खा शनिवार आहे.